मुंबईचा हजेरीपट

मुंबई पाहणे हा बाहेरगावच्या माणसाचा हक्क आणि मुंबई दाखवणे हे मुंबईकराचे कर्तव्य, अशी या दोन कामांची वाटणी कोणत्या काळी आणि कोणाच्या हुकमाने झाली याचा लेखी पुरावा उपलब्ध नाही. परंतु ही वहिवाट इतकी जुनी आणि इतकी निर्वेध आहे की, कोणत्याही न्यायासनापुढे ती सहज शाबीत व्हावी. ज्याचा उभा जन्म गिरगावात गेला आणि ज्याची सारी नोकरी फोर्टात झाली, अशा गृहस्थाने राजाबाई मनोऱ्याकडे मान वर करून पाहिले असेल तर ते केवळ चर्चगेटची लोकल मिळणार की चुकणार एवढा निकाल लावण्यासाठी. त्या मनोऱ्याला काही इतिहास आहे आणि त्याच्या पायाशी उभे राहून दोन शब्द बोलण्याची जबाबदारी एक दिवस आपल्यावर येणार आहे, ही वार्ता त्याच्या कानी पडते ती थेट सांगली-साताऱ्याकडची मंडळी दारात उतरल्यावर. मग मात्र हाच गृहस्थ एका रात्रीत नगरीचा मुखत्यार होतो, कचेरीत रजेचा अर्ज टाकतो, आणि "चला, तुम्हाला मुंबई दाखवतो," असे अशा काही स्वरात म्हणतो की, ऐकणाऱ्यास वाटावे, हे बेट यांच्या आजोबांनी खरेदीखताने घेतले असून नातवाने अद्याप भाडेकरू काढलेले नाहीत.

सर्वसाधारण पाहुण्यांस मुंबई दाखवणे तसे अवघड नसते. त्यांना समुद्र दाखवला, महालक्ष्मीचे दर्शन घडवले आणि चौपाटीवर भेळ चारली की ते तृप्त होतात. माझे मामा मात्र या वर्गात मोडत नाहीत. त्यांनी तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवली असून, जगातील यच्चयावत वस्तू ही कोणाच्या तरी नावे लागलेली, कोणी तरी मंजूर केलेली आणि कोणाच्या तरी ताब्यात असलेली असते, या सिद्धान्तावर त्यांची अढळ निष्ठा आहे. कोटाच्या आतल्या खिशात त्यांची एक लहानशी वही असते. देवळात गेले तरी देवास नमस्कार करून झाल्यावर ते देणगीदारांचा संगमरवरी फलक वाचतात, आणि एखाद्याने रक्कम कबूल करून दिली नसावी असा संशय आल्यास पुजाऱ्यास विचारतात.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने ही स्वारी मामींसह सकाळी बोरीबंदरात दाखल झाली. त्या स्थानकाची नावे सरकारदरबारी दोनतीनदा बदलली, तरी मामांच्या तोंडी ते बोरीबंदरच आहे, कारण १८५३ साली ठाण्यास पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदराहून, आणि मूळ नोंद असेल तीच खरी असे त्यांचे मत आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स नामक स्थापत्यविशारदाने १८७८ साली हाती घेतलेली ही वास्तू पुरी व्हावयास सुमारे १० वर्षे व १६ लाख रुपये लागले. तिच्या भिंतींवर मोर आहेत, माकडे आहेत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव गेले. आणि तिच्याखालून रोज लाखो माणसे अशा वेगाने धावत असतात की, त्या पाषाणी मर्कटांना माणसांच्या फक्त टाळूंचाच परिचय असावा. पाहुणा येथे उतरतो तेव्हा तो बोचकी मोजत असतो व यजमान टॅक्सीशी वाद घालत असतो, त्यामुळे मुंबईतील सर्वांत भव्य इमारत पाहिल्यावाचून मुंबई पाहण्यास प्रारंभ होतो. मामांनी मात्र बोचकी मामींच्या स्वाधीन केली, रस्ता ओलांडून ते महापालिकेच्या बाजूस गेले आणि तेथून त्यांनी समोरच्या इमारतीची पाहणी केली.

"ती घुमटावर उभी बाई कोण?"

"प्रगती. तिचा पुतळा आहे, मामा."

"हजर आहे, पण हाताला लागायची नाही," असे म्हणून त्यांची दृष्टी खाली उतरली ती घड्याळाच्या खालच्या कोनाड्यावर स्थिरावली. "आणि हा कोनाडा रिकामा का?"

त्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता आणि स्वातंत्र्यानंतर तो हलवण्यात आला, हे मी सांगितले. ज्या बाईच्या नावाने एवढी इमारत उठवली, तीच जागेवर नाही, हे ऐकून मामांनी वही काढली, झरणीचे टोपण दातांत धरले आणि एक शब्द लिहिला. तो शब्द "गैरहजर" असा होता. त्या एका शब्दापायी माझी सारी पूर्वतयारी व्यर्थ गेली, कारण पुढे आम्ही जेथे जेथे गेलो तेथे तेथे मामांनी शिल्प पाहिले नाही, शैली पाहिली नाही. त्यांनी फक्त हजेरी घेतली.

गेटवे ऑफ इंडिया ही कमान पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी यांच्या आगमनाचे स्मारक होय. पिवळसर बेसाल्टचा तो घुमट जमिनीपासून ८३ फूट उंच आहे आणि जॉर्ज विटेट या शिल्पज्ञाने त्यात गुजराती धाटणीची जाळी व मुसलमानी कमान यांचा मेळ घातला आहे, एवढे पाठ केलेले मी घडाघडा म्हणून दाखवले. मामांचे लक्ष जमिनीकडे होते.

"रस्ता सरळ कमानीत का येत नाही? तिरका का?"

हा प्रश्न मला आजवर एकाही पाहुण्याने विचारला नव्हता, आणि त्याचे उत्तर इतके मानवी आहे की ते फलकावर कोरावयास हवे होते: कमान बांधता बांधता पैसे संपले, म्हणून समोरून सरळ येणारा नियोजित रस्ता झालाच नाही. हे ऐकताच मामांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरली ती मी त्यांच्या नातवाच्या बारशासही पाहिली नव्हती. इंग्रजांच्या राज्यातही तरतूद संपत असे, ही जाणीव त्यांना फार जवळची वाटली असावी. त्यांनी उत्साहाने पुढील जबाब घेण्यास सुरुवात केली.

"बादशहा कधी आला?"

"१९११ च्या डिसेंबरात."

"आणि कमान कधी पुरी झाली?"

"१९२४ साली."

"मग त्याला दाखवलं काय?"

"पुठ्ठ्याची कमान उभी केली होती म्हणतात."

"आमच्याकडे कलेक्टरसाहेबांची फेरी असली म्हणजे कचेरीला पुढच्याच बाजूनं रंग देत असत," मामा म्हणाले. "बरं, कमान झाल्यावर तरी आला का तो परत?"

बादशहा परत आला नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्या सैन्याची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली आणि निघून गेली. म्हणजे ज्याच्या स्वागतासाठी दार केले तो दार होण्यापूर्वीच येऊन गेला, आणि दार झाल्यावर त्याची माणसे त्यातून फक्त बाहेर पडली. आगमनाचे म्हणून बांधलेले हे स्मारक प्रत्यक्षात प्रस्थानाच्याच कामी आले. मामींना या ऐतिहासिक विसंगतीत गोडी नव्हती. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका छायाचित्रकाराने त्यांना "आई, जरा हसा" असे म्हटल्यामुळे त्या खुषीत होत्या, आणि एक हात कमरेवर ठेवून काढलेले त्यांचे छायाचित्र, माझ्या मते, त्या दिवसात पाहिलेल्या कोणत्याही शिल्पाहून अधिक जिवंत होते. त्यात मागे कमान आहे. तीही तिरकी आली आहे.

तेथून चालत थोड्याच अंतरावर काळा घोडा. मुंबईत हा पत्ता टॅक्सीवाला, बसचा वाहक आणि बँकेचा शिपाई यांपैकी कोणासही सांगावा, तो निःशंकपणे तुम्हांस तेथे आणून सोडील. आणि १९६५ पासून पुढे पन्नासांहून अधिक वर्षे तेथे घोडा नव्हता. अल्बर्ट ससून यांनी नगरीस दिलेला, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा तो अश्वारूढ पुतळा १८७९ पासून तेथे होता. तो उचलून नेला, पण नाव काही उचलता आले नाही. इतकेच नव्हे, तर १९९९ पासून दर वर्षी काळा घोडा या नावाने एक मोठा कलामहोत्सव भरू लागला आणि घोड्याच्या अनुपस्थितीत तो उत्तम चालला. शेवटी २०१७ साली तेथे एक नवीन घोडा बसवण्यात आला, त्यावर स्वार मात्र कोणीच नाही.

"यात नवल काय?" मामा म्हणाले. "पद रिक्त असलं तरी पदनाम कायम राहतं. आता घोड्याची जागा भरली. स्वाराची अद्याप मंजूर व्हायची आहे."

राजाबाई मनोऱ्याविषयी मी तज्ज्ञतेचा आव आणून असे सांगितले की, सर गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुकाराने याचा आराखडा केला, याची उंची २८० फूट असून काम १८७८ साली पुरे झाले; आणि ओघात हेही बोलून गेलो की, स्कॉटसाहेब हयातीत एकदाही मुंबईस आले नाहीत, आराखडे त्यांनी विलायतेत बसूनच पाठवले. मामा थबकले. माझ्या कानाशी येऊन, जणू खात्यातील गुपित फोडावे अशा बेताने ते म्हणाले, "आमचे तलाठी असंच करत. गावात पाऊल न टाकता पीकपाहणी लिहीत. पण एक सांगतो, अशा नोंदीत चूक सापडायची नाही."

मनोऱ्याच्या खर्चासाठी प्रेमचंद रायचंद या कापसाच्या सट्ट्यात अमाप पैसा मिळवलेल्या शेटजींनी २ लाख रुपये दिले, ते आपल्या आईचे नाव मनोऱ्यास द्यावे या अटीवर. या माउलीची दृष्टी गेली होती, ती जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करीत असे आणि वेळ कळावी म्हणून मुलाने घंटेची सोय केली, अशी कथा सांगतात. मामींनी ही कथा पुन्हा एकदा सांगावयास लावली, आणि मग बराच वेळ त्या काही न बोलता मामांकडे पाहत होत्या. मामांच्या मुलाने गेल्या दिवाळीस आईला भिंतीवरचे घड्याळ पाठवले होते, ते महिन्याभरात बंद पडले, हे मला ठाऊक असल्याने मी विषय बदलला.

घारापुरीस जाणाऱ्या लाँचमध्ये मामांनी प्रथमच आशा व्यक्त केली की, येथे तरी हत्ती असेल. पोर्तुगीज या बेटावर उतरले तेव्हा बंदराजवळ दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती त्यांना दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटास एलिफंटा म्हटले, एवढे त्यांनी कोठेतरी वाचले होते. हत्ती बेटावर नाही. तो कोठे आहे हे मी त्या वेळी सांगितले नाही, कारण मार्गदर्शकाने एखादी गोष्ट राखून ठेवल्याखेरीज त्याचा दाब राहत नाही. धक्क्यावरून छोटी आगगाडी, मग पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस मण्यांच्या माळा आणि कैऱ्यांच्या फोडी विकणाऱ्या बाया, आणि झाडांवर यात्रेकरूंच्या पिशव्यांचे बाहेरूनच मूल्यमापन करणारी माकडे, असा तो चढ आहे. त्यांपैकी एका माकडाने मामींच्या हातातून मक्याचे कणीस घेतले. "हिसकावले" असे म्हणवत नाही, इतक्या शांतपणे घेतले. कर वसूल करणाराने पावती न देता निघून जावे तसा तो प्रकार होता.

लेण्यात शिरल्यावर मात्र मामांची झरणी खिशातच राहिली. सुमारे १८ फूट उंचीची ती त्रिमुखी शिवप्रतिमा, डावीकडचे ते उग्र मुख, उजवीकडचे ते कोमल मुख आणि मध्यावरची ती अर्धनिमीलित नेत्रांची स्वस्थता, यांच्यासमोर हजेरी घेण्याचे धाडस अव्वल कारकुनासही झाले नाही. येथे ज्याच्यासाठी वास्तू आहे तो स्वतः जातीने हजर होता. मामांनी पागोटे नसतानाही पागोटे सावरावे तसा डोक्यावरून हात फिरवला. परंतु संस्कार बलवत्तर असतात. बाहेर ओट्यावर बसताच त्यांनी विचारले, "हे कोणी केलं? शिलालेख असेलच."

शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला, तेथे तो कोणास वाचता आला नाही आणि पुढे त्याचा मागमूस राहिला नाही, असे दियोगो दो कूतो या त्यांच्याच बखरकाराने लिहून ठेवले आहे. भग्न झालेले हात आणि तुटलेले पाय पाहून मामांनी एक उसासा टाकला होता. पण मूळ दस्तऐवजच गहाळ झाल्याचे ऐकून त्यांना जे दुःख झाले त्यापुढे तो उसासा काहीच नव्हता. "मूर्ती फोडली ती एक वेळ समजू शकतो," ते म्हणाले, "पण जावक नोंद तरी ठेवायची."

सरतेशेवटी राणीची बाग. बाग १८६१-६२ च्या सुमारास झाली, तिला नाव राणीचे मिळाले, आता कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावे आहे आणि मुंबईतील एकही मूल तिला राणीच्या बागेखेरीज दुसरे काही म्हणत नाही. तेथील संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे नाव जाऊन १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव लाभले. आत मातीच्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईचे नाना जातींचे, नाना धंद्यांचे लोक आणि त्यांची तऱ्हेतऱ्हेची पागोटी मांडली आहेत. मामांनी काचेस नाक लावून त्यांत कारकून शोधला.

आणि बाहेर, त्या इमारतीलगत, उघड्यावर, घारापुरीचा हत्ती उभा आहे. मी मामांना त्याच्यापुढे नेऊन सोडले आणि बाजूस झालो. त्यांनी प्रदक्षिणा घातली. दगड काळा, अंगास पावसापाण्याची पुटे. आणि जवळ जाऊन पाहावे तो पाठीवर, पोटाखाली, पायांच्या सांध्यांवर जोडकामाच्या रेघा, जेथे एक तुकडा दुसऱ्याशी नीट बसला नाही तेथे भराव. मामांनी अंतर राखून बोटाने हवेतच त्या रेघेचा माग काढला.

"हा सांधलेला आहे."

होय. १८६४ साली तो विलायतेस न्यावा असे साहेबाच्या मनात आले. बेटावरून उचलताना यारी मोडली, हत्ती खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे या बागेत आणून टाकले, आणि १९१४ साली ते पुन्हा जुळवून हा उभा केला. बेटास नाव देणारा हत्ती बेट सोडून निघाला, विलायतेस पोहोचला नाही आणि मधल्या मुक्कामावर कायमचा रुजू झाला. शेकडो वर्षे शिवाच्या दारात उभा राहिलेला हा गजराज आता तिकीट काढून जिवंत प्राणी पाहावयास आलेल्या पोरांच्या डब्यांकडे पाहत असतो, आणि पोरे त्याच्याकडे पाठ करून विचारतात, "बाबा, हत्ती कुठाय?"

तेथून थोडे पुढे गेल्यावर मी काही न बोलता नुसते बोट दाखवले. काळा घोडा! स्वारासकट! राज्य गेल्यावर चौकातून उठवलेला युवराज पशुपक्ष्यांच्या शेजारास येऊन राहिला आहे. त्याच्या मुखावर अद्याप तीच ऐट आहे, आणि येणारे जाणारे त्याला ओलांडून पेंग्विनकडे धावत आहेत. मामांच्या डोळ्यांत पाणी यावयाचे बाकी राहिले. दोन दिवस ज्यांच्या नावांपुढे त्यांनी "गैरहजर" असे लिहिले होते, त्यांपैकी दोघेजण एकाच आवारात सापडले होते. त्यांनी बाकावर बसून वही उघडली, मागील शेरे एकेक रेघ मारून रद्द केले आणि समोर स्वच्छ अक्षरांत लिहिले: "बदलीने भायखळा."

पेंग्विनांविषयी त्यांना फारसे कुतूहल वाटले नाही. २०१६ साली दक्षिण कोरियातून ८ पक्षी आले, त्यांच्यासाठी थंडगार दालन बांधले, त्यापुढे रांग लागते, हे सर्व त्यांनी ऐकून घेतले. "बाहेरच्या अधिकाऱ्याला पंखा आधी मिळतो," एवढाच त्यांचा अभिप्राय. मामी मात्र तेथून हलेनात.

मलबार टेकडीवरच्या म्हातारीच्या बुटाबद्दल विस्तार करीत नाही. बूट आहे, त्यात मुले चढतात, आणि म्हातारीविषयी विचारणा करण्याची ज्याची त्याने मुभा घ्यावी. समोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात झुडपे कातरून केलेली जनावरे आहेत व त्या उद्यानाच्या पोटात शहराच्या पाण्याचा हौद आहे, हे कळल्यावर मामा हिरवळीवर पाय जरा हलकेच टाकू लागले.

हल्लीची तरुण पाहुणेमंडळी या सर्वांस फाटा देऊन वांद्र्यास नटांचे बंगले पाहावयास जातात. त्यांना बंगला दिसत नाही, फाटक दिसते. नट दिसत नाही, पहारेकरी दिसतो. धनी बहुधा चित्रीकरणासाठी परगावी असतो. आणि तरीही फाटकापुढे उभे राहून छायाचित्रे काढून ती तृप्त होऊन परततात. मी हा प्रकार उथळ म्हणून हिणवू लागलो तेव्हा मामांनीच मला गप्प केले. ते म्हणाले, "का रे? तू आम्हाला दोन दिवस दुसरं काय दाखवलंस?" आणि या जबाबास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

तेव्हा मुंबई पाहावयास येऊ इच्छिणाऱ्या समस्त आप्तेष्टांस कळवण्याचे की, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग व तेथील संग्रहालय बुधवारी. तरी आपली रजा त्या बेताने मंजूर करून घ्यावी. यजमानांस मात्र एवढेच सुचवतो की, आमंत्रणाच्या पत्रात हे दोन वार मुद्दाम नमूद करण्याची काही आवश्यकता नाही.